एका शाळेच्या दोन पंगती

अमेरिकेतील हायस्कूलचे चौथे आणि अखेरचे वर्ष हा तेथील सामान्य माणसाच्या आयुष्यातला एक संस्कारच समजला जातो. या वर्गातील विद्यार्थ्यांना ‘सीनियर’ म्हणतात. हिवाळा ओसरून वसंत लागला की या सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींचे अभ्यासावरचे लक्ष उडते आणि शिक्षकही त्याकडे काणाडोळा करतात. बेसबॉलचे सामने व धावण्याच्या शर्यती सुरू होतात, शाळेचे संगीतनाटक रंगमंचावर येते. शाळेचे नाव आणि वर्ष कोरलेली अंगठी बोटात असते. वर्षभराच्या छायाचित्रांचे जाडजूड वार्षिक छापून येते आणि त्याच्या कोऱ्या पानांवर मित्रमैत्रिणी एकमेकांसाठी चार ओळी लिहितात. एखाद्या दिवशी अख्खा वर्ग ठरवून दांडी मारतो आणि ही दांडीसुद्धा परंपरेत जमा असते. एप्रिल-मे महिन्यांत ‘प्रॉम’ नावाचा मोठा नृत्यसमारंभ होतो. त्यासाठी मुली लांब झगे शिवतात वा विकत घेतात, मुलगे भाड्याचा काळा सूट चढवतात, आणि मतदान करून त्या रात्रीचे राजा-राणी निवडले जातात. सर्वांत शेवटी पदवीदान. चौकोनी टोपी, पायघोळ झगा, आणि एल्गारने १९०१ मध्ये रचलेल्या कूचगीताच्या तालावर संथ चालत येणारी मुलांची रांग. प्रमाणपत्र हाती पडले की टोपीचा गोंडा उजवीकडून डावीकडे सरकवायचा, आणि बालपण संपले.

हा सारा एका धनिक देशातील पोरकट थाटमाट आहे, असे म्हणून समाजवादी कार्यकर्त्याने त्यावरून नजर फिरवणे सोपे आहे. तसे करणे मात्र चुकीचे ठरेल. अमेरिकेतील दहांपैकी सुमारे नऊ मुले सरकारी शाळांत शिकतात. करातून चालणारी, फी न घेणारी, गावातल्या शेतमजुराच्या आणि बँकेच्या व्यवस्थापकाच्या मुलांना निदान कागदोपत्री एका बाकावर बसवणारी ही संस्था त्या भांडवलशाही देशातील सर्वांत मोठी सार्वजनिक संस्था आहे. तिच्या अखेरच्या वर्षाचे हे विधी म्हणजे गावाने आपल्या मुलांना जाहीरपणे आपले म्हणण्याचा प्रसंग. महाराष्ट्रात ज्याला पंगत म्हणतात, तेच त्याचे स्वरूप आहे. पंगतीत काय वाढले याला फारसे महत्त्व नसते. कोणाचे पान कोणाच्या शेजारी मांडले, यावर गावाचे सारे समाजशास्त्र उभे असते.

आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडील अनेक गावांत ही पंगत एकविसाव्या शतकातही दोन ठिकाणी बसत होती. एका शाळेत, एका वर्गात, एका फुटबॉल संघात असलेली मुले प्रॉमच्या रात्री मात्र गोरी एकीकडे आणि काळी दुसरीकडे नाचत होती.

हे कसे घडले, याचा इतिहास कोणत्याही वक्त्याच्या भाषणापेक्षा अधिक बोलका आहे. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. पुढच्याच वर्षी त्याच न्यायालयाने अंमलबजावणीची भाषा इतकी सैल ठेवली की दक्षिणेतील शाळामंडळांनी त्या सैल गाठीवर पंधरा वर्षे काढली. अखेर ऑक्टोबर १९६९ मध्ये मिसिसिपीतील शाळांच्या खटल्यात आता विलंब नको, ताबडतोब एकत्र करा, असा आदेश निघाला आणि १९७० च्या सुमारास बहुतेक जिल्ह्यांत काळी व गोरी मुले एका इमारतीत आली. हे एकत्रीकरणही बहुधा एकाच बाजूच्या खर्चाने झाले. काळ्यांची हायस्कुले बंद करण्यात आली किंवा त्यांना खालच्या वर्गांच्या शाळा बनवण्यात आले. त्यांची नावे, त्यांचे रंग, त्यांनी जिंकलेले चषक आणि त्यांच्या पदवीधरांची छायाचित्रे अडगळीत गेली. हजारो काळ्या शिक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. उत्तर कॅरोलिनाच्या हाइड परगण्यातील काळ्या पालकांनी तर १९६८-६९ चे सबंध वर्ष आपली मुले शाळेत पाठवली नाहीत. त्यांची मागणी आपल्या शाळा वाचवा, अशी होती. एकत्र येणे म्हणजे दुसऱ्याच्या घरी आश्रिताप्रमाणे राहणे नव्हे, हे त्यांनी त्या काळातल्या अनेक पुरोगामी पंडितांच्या आधी ओळखले होते.

अशा स्थितीत १९७० नंतरचा पहिला वसंत आला. वर्गात काळ्या मुलाशेजारी गोरी मुलगी बसली तरी कायद्यापुढे इलाज नव्हता. परंतु ती त्याच्या हातात हात घालून नाचेल, ही कल्पना गोऱ्या पालकांना सोसेना. शाळामंडळांनी यावर जी युक्ती काढली ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्यांनी वर्णभेदाचा ठराव केला नाही. त्यांनी फक्त जाहीर केले की यापुढे शाळा प्रॉम भरवणार नाही. मग गोऱ्या पालकांनी वर्गणी काढून, सभागृह भाड्याने घेऊन आपल्या मुलांसाठी ‘खासगी’ समारंभ केला आणि काळ्यांनी आपला वेगळा केला. शाळेचा त्याच्याशी संबंध नाही, मग घटनेचा प्रश्न येतोच कोठे? सार्वजनिक संस्थेने हात झटकले की त्या मोकळ्या जागेत समता उगवत नाही, जुनी उतरंड उगवते. इतकी साधी गोष्ट त्या एका प्रशासकीय परिपत्रकाने सिद्ध केली.

मिसिसिपीतील चार्ल्सटन हे दोन-अडीच हजार वस्तीचे गाव टॅलहॅची परगण्यात आहे. या परगण्याचे नाव जगाला ठाऊक झाले ते १९५५ मध्ये. शिकागोहून नातेवाइकांकडे आलेल्या एमेट टिल नावाच्या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाचा, त्याने एका गोऱ्या स्त्रीशी आगळीक केली या आरोपावरून, खून करण्यात आला. त्याचे प्रेत टॅलहॅची नदीत सापडले आणि याच परगण्यातील समनर येथील न्यायालयात सर्व गोऱ्या ज्यूरीने तासाभरात आरोपींना निर्दोष सोडले. पुढे १९५६ मध्ये त्यांनीच एका नियतकालिकाला पैसे घेऊन खुनाची कबुली दिली. टिल जगता तर १९५९ च्या आसपास तोही चौकोनी टोपी घालून रांगेत उभा राहिला असता. अशा मातीत काळ्या मुलाने आणि गोऱ्या मुलीने एका दिवाणखान्यात नाचणे ही करमणुकीची बाब कशी असेल?

याच चार्ल्सटनच्या परिसरात राहणारे प्रसिद्ध नट मॉर्गन फ्रीमन यांनी १९९७ मध्ये शाळेपुढे प्रस्ताव ठेवला की, सर्वांचा मिळून एक प्रॉम करा, सारा खर्च मी देतो. त्याला प्रतिसाद मिळाला नाही. अकरा वर्षांनी, २००८ मध्ये त्यांनी तोच प्रस्ताव पुन्हा मांडला आणि या वेळी मुलांनी व शाळेने तो उचलून धरला. त्या एप्रिलमध्ये चार्ल्सटन हायस्कूलच्या इतिहासातील पहिला एकत्र प्रॉम झाला. काही गोऱ्या पालकांनी आपला वेगळा समारंभ त्याही वर्षी केलाच. एकत्र प्रॉमची रात्र मात्र कोणतेही आभाळ न कोसळता पार पडली. या प्रसंगावर निघालेल्या माहितीपटात एक गोष्ट फार स्पष्ट दिसते. मुले आधीच तयार होती. अडून बसली होती ती त्यांची आईबापे.

जॉर्जिया राज्यातील अनुभवही हाच आहे. टेलर परगण्यात २००२ मध्ये तीन दशकांनंतर प्रथमच एकत्र प्रॉम झाला, आणि दुसऱ्याच वर्षी काही गोऱ्या विद्यार्थ्यांनी पुन्हा आपली वेगळी पंगत मांडली. एकदा केलेली सुधारणा आपोआप टिकते, असे मानणाऱ्यांनी टेलर परगण्याचे नाव लिहून ठेवावे. टर्नर परगण्यात २००७ मध्ये वर्गाचे चार निवडून आलेले प्रतिनिधी, दोन काळे आणि दोन गोरे, मुख्याध्यापकांकडे गेले आणि त्यांनी शाळेनेच प्रॉम भरवावा अशी मागणी केली. तो झाला. विल्कॉक्स परगण्यात २०१३ मध्ये दोन काळ्या व दोन गोऱ्या मैत्रिणींनी पुढाकार घेतला. शाळेने आपण प्रॉम भरवत नसल्याचे जुनेच उत्तर दिले, तेव्हा त्यांनी स्वतः निधी गोळा केला. त्यांचे आवाहन देशभर पोहोचले, अनोळखी माणसांनी पैसे पाठवले, आणि एप्रिलच्या अखेरीस शेजारच्या कॉर्डील गावी एकत्र प्रॉम झाला. राज्यातील एका उदारमतवादी गटाने पुढाऱ्यांना या मुलींच्या पाठीशी उभे राहण्याचे आवाहन केले, तेव्हा राज्यपालांच्या प्रवक्त्याने हा डाव्यांच्या आडोशाने चालवलेला प्रसिद्धीचा खटाटोप असल्याची संभावना केली आणि राज्यपालांनी मत देण्याचे टाळले. चार मुलींना एकत्र नाचायचे होते. सत्तेला त्यात डाव्यांचा हात दिसला. यात डाव्यांनी दुःख मानण्याचे कारण नाही. पुढच्या वर्षी, २०१४ मध्ये, त्या शाळेने स्वतःच सर्वांसाठी प्रॉम भरवला.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो, आणि तो केवळ वर्णद्वेष्टेच घेतात असे नाही. कोणी आपल्या घरी कोणाला जेवायला बोलवावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, शासनाने त्यात पडू नये, असे अनेक सज्जनांना प्रामाणिकपणे वाटते. घरापुरते ते खरेही आहे. परंतु एका शाळेच्या एका इयत्तेतील सर्व गोरी मुले आणि फक्त गोरी मुले ज्या समारंभाला जातात, ज्याची तारीख शाळेच्या वेळापत्रकाला धरून ठरते आणि ज्याच्या आठवणी शाळेच्या आठवणी म्हणून जन्मभर सांगितल्या जातात, तो समारंभ कोणाच्या घरचे जेवण राहत नाही. तो शाळेचाच समारंभ असतो. फक्त त्याची जबाबदारी कोणावर नसते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले, तेव्हा शूद्रातिशूद्रांच्या बाबतीतही त्यांचा कित्ता येथे गिरवला जावा, अशी त्यांची आशा होती. त्या अर्पणपत्रिकेनंतर शंभर वर्षे लोटली तरी कित्ता घालून देणाऱ्या देशातच ‘खासगी’ या शब्दाच्या आड सोवळे सांभाळले जात होते.

या शब्दाचा आडोसा केवळ नाचापुरता नव्हता. मिसिसिपीची राजधानी जॅक्सन येथे नगरपालिकेचे पोहण्याचे तलाव होते. ते काळ्या-गोऱ्यांना एकत्र खुले करण्याची पाळी आली तेव्हा नगरपालिकेने तलावच बंद केले. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला: तलाव सर्वांना सारखेच बंद आहेत, तेव्हा समतेचा भंग झालेला नाही! चवदार तळ्याची आठवण असलेल्या वाचकाला या निकालावर भाष्य नको. पाणी वाटून घेण्यापेक्षा तळे कोरडे पाडणे पत्करले, आणि ज्यांच्यापाशी पैसा होता ते खासगी क्लबांच्या तलावांत पोहू लागले. २०१० मध्ये मिसिसिपीच्याच इटावाम्बा परगण्यात हेच शस्त्र दुसऱ्या एका अल्पसंख्येवर चालवले गेले. कॉन्स्टन्स मॅकमिलन या विद्यार्थिनीने आपल्या मैत्रिणीसह प्रॉमला येण्याची परवानगी मागितली. शाळामंडळाने सगळा प्रॉमच रद्द केला. न्यायालयाने तिच्या हक्काचा भंग झाल्याचे म्हटले, पण प्रॉम भरवण्याचा आदेश दिला नाही. नंतर तिला ज्या समारंभाचा पत्ता देण्यात आला तेथे मोजकी सात-आठ मुले होती. बाकीचा वर्ग दुसरीकडे नाचत होता. पुढे शाळामंडळाने तिला ३५,००० डॉलर देऊन खटला मिटवला. तिची ती संध्याकाळ मात्र कोणत्याही तडजोडीत परत येणारी नव्हती.

वर्णाची भिंत अशी एकेका गावी पडत असताना पैशाची भिंत कोणी पाडायला निघालेले दिसत नाही. प्रॉमचे तिकीट, पोषाख, फुले, भाड्याची लांबलचक मोटार, वार्षिक, अंगठी, टोपी-झग्याचे भाडे, छायाचित्रकार अशा प्रत्येक वळणावर एक दुकान उभे आहे. सार्वजनिक शाळेच्या फाटकातून फुकट आत गेलेल्या मुलाला बाहेर पडताना मात्र जकात भरावी लागते. जुने झगे गोळा करून गरीब मुलींना देणाऱ्या सेवाभावी मंडळ्या तेथे आहेत. त्यांच्याविषयी आदरच बाळगावा, पण त्या असाव्या लागतात हेच रोगाचे लक्षण आहे. रोगाचे मूळ शाळेच्या अर्थव्यवस्थेत आहे. अमेरिकेत शाळांच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो. जेथे बंगले महाग तेथे शाळा संपन्न, जेथे झोपड्या तेथे शाळा गळकी. टेक्ससमधील सान अँटोनिओच्या गरीब पालकांनी या विषमतेविरुद्ध दाद मागितली तेव्हा १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, तेथेही पाच विरुद्ध चार मतांनीच, ती फेटाळली.

याच वसंतात सीनियरपुढे आणखी एक तारीख असते. बहुतेक महाविद्यालयांना आपला होकार १ मेपर्यंत कळवायचा असतो. जगभरच्या श्रमिकांचा जो दिवस, त्याच दिवशी अमेरिकेतील मध्यमवर्गीय मूल महाविद्यालयाच्या नावाचा सदरा घालून शाळेत येते आणि अनेकदा त्याच सहीने डोक्यावर पुढील अनेक वर्षांचे कर्ज चढवून घेते. ज्याला तेवढेही जमत नाही त्याच्या घरी सैन्यभरतीचा दूरध्वनी येतो. २००२ मध्ये अमलात आलेल्या शिक्षण कायद्याने, पालकांनी लेखी हरकत घेतली नसेल तर, हायस्कूलच्या विद्यार्थ्यांची नावे, पत्ते व दूरध्वनी क्रमांक भरती अधिकाऱ्यांना पुरवणे संघराज्याचे अनुदान घेणाऱ्या शाळांवर बंधनकारक केले आणि २०१५ च्या नव्या कायद्यानेही ती तरतूद कायम ठेवली. प्रॉमच्या रात्री सर्वांचे सूट सारखेच काळे असतात. जूननंतर कोणाच्या अंगावर कोणता पोषाख चढणार, हे बरेचसे बापाच्या पगारावर ठरलेले असते.

तरीही या वसंताला दुसरी एक परंपरा आहे, आणि तिचा उल्लेख कोणत्याही वार्षिकाच्या गुळगुळीत पानांवर क्वचितच येतो. व्हर्जिनियातील फार्मव्हिल येथे काळ्यांसाठी असलेले मोटन हायस्कूल १८० विद्यार्थ्यांसाठी बांधले होते. तेथे साडेचारशेहून अधिक मुले कोंबलेली होती. जास्तीचे वर्ग डांबरी कागद ठोकलेल्या खोपटांत भरत. २३ एप्रिल १९५१ रोजी बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने युक्तीने मुख्याध्यापकांना शाळेबाहेर पाठवले, सर्वांना सभागृहात जमवले आणि संप पुकारला. सीनियर वर्गाला अजून वर्षाचा अवकाश होता, वय मतदानाचे नव्हते, पाठीशी पक्ष नव्हता. मुलांची मागणी प्रथम नव्या इमारतीची होती. नागरी हक्कांचे वकील आले आणि म्हणाले, भेदभावच मोडून काढण्याची मागणी करणार असाल तर खटला लढवू. मुले तयार झाली. १९५४ च्या ऐतिहासिक निकालात जे पाच खटले एकत्र झाले, त्यांतील एक या मुलांचा होता. बार्बराच्या जिवाला धोका नको म्हणून घरच्यांनी तिला अलाबामात मॉन्टगोमेरीला काकांकडे पाठवले. आपल्या शाळेतले सीनियरचे वर्ष तिला मिळाले नाही.

त्या परगण्याने निकालाचा सूड घेतला. १९५९ मध्ये तेथील पर्यवेक्षक मंडळाने शाळांसाठी कर बसवण्याचेच नाकारले आणि सगळ्या सरकारी शाळांना कुलपे लागली. गोऱ्या मुलांसाठी ताबडतोब खासगी विद्यालय उभे राहिले आणि न्यायालयाने रोखेपर्यंत त्याच्या फीसाठी सार्वजनिक पैसा वापरला गेला. सुमारे सतराशे काळी मुले रस्त्यावर आली. वरच्या वर्गातील काहींना उत्तर कॅरोलिनातील किट्रेल येथील चर्चच्या महाविद्यालयाने सामावून घेतले, काहींना क्वेकर पंथीयांनी दूरच्या राज्यांत अनोळखी कुटुंबांत ठेवले, काही नातेवाइकांकडे गेली. उरलेली शेतावर आणि कामावर गेली. त्यांपैकी अनेक पुन्हा शाळेत आली नाहीत. मे १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा उघडण्यास भाग पाडले. तो निकाल ज्या न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिला, त्यांनीच सात वर्षांनी जॅक्सनचे तलाव बंद राहू दिले. शाळा बंद करता येत नाही पण तलाव येतो, हा भेद त्यांना कसा पटला ते त्यांनाच ठाऊक.

पाच वर्षांत पाच वसंत आले आणि गेले. त्यांतील बहुतेक वर्षी फार्मव्हिलच्या काळ्या मुलांसाठी प्रॉम नव्हता, वार्षिक नव्हते, गोंडा सरकवणे नव्हते. बार्बरा जॉन्स पुढे ग्रंथपाल झाल्या आणि १९९१ मध्ये वारल्या. २००३ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने शाळाबंदीबद्दल खेद व्यक्त केला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये परगण्याने त्या मुलांना मानद प्रमाणपत्रे दिली. मुले म्हणजे आता पन्नाशी-साठीची माणसे होती. ती आपल्या मुलानातवंडांसमोर, चव्वेचाळीस वर्षे उशिरा, आपापल्या नावाची हाक येण्याची वाट पाहत बसली होती.